किल्ली घेतलीस का?

ऑफिसात तिला सगळे पाठीमागे ‘अडवाबाई’ म्हणत. ती ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा, कोड लिहायची आणि त्यात जागोजागी अटी पेरून ठेवायची. अमुक नोंद चौसष्ट बाइट्सचीच हवी. एक बाइट जरी वाढला, तरी कोड कंपाइलच व्हायचा नाही, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरायचाच नाही. सहकारी वैतागायचे, ही आपली ढिम्म. “मशीन चालू झाल्यावर तोंडावर आपटण्यापेक्षा दारातच अडलेलं बरं,” एवढंच म्हणायची.

ही खोड आईची. आईला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेक बाहेर निघाली की ती दारात आडवी उभी राहायची. प्रश्न एकच, आणि उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही.

त्या दुपारी ऊन टेबलावर पाण्यासारखं हलत होतं. पेंगत पेंगतच तिने एका जुन्या नोंदीत नवा रकाना घातला आणि कंपाइल केलं. काम अडलं. स्क्रीनवर एरर आली:

“थांब. किल्ली घेतलीस का?”

वीस वर्षांपूर्वी त्या नोंदीच्या अटीला तिनेच गमतीत जोडलेला हा संदेश ती पार विसरून गेली होती. आईला जाऊन सात वर्षं झाली होती. उन्हात, कमरेवर हात ठेवून, कुणीतरी वाट अडवून उभं होतं.

“घेतली गं,” ती पुटपुटली आणि तिचा हात आपसूक पर्सकडे गेला.

पर्समध्ये किल्ली नव्हती.