सुलाबाईंच्या नजरेखालची कापडं

विश्रामबागेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या तोंडावर हिरवं कापड टाकतात, मधे डोळ्यापुरती जागा मोकळी ठेवलेलं. पूर्वी तिथं प्लास्टिक यायचं. एकदा वापरलं की कचऱ्यात. रोज पोती भरून जायची. डॉ. अंकितांनी ते बंद करून धुऊन, वाफेवर निर्जंतुक करून पुन्हा वापरायचं कापड आणलं, तेव्हा ट्रस्टींनी नाकं मुरडली. ते कापड चालवून दाखवलं सुलाबाईंनी. वडूजकडच्या ह्या धनगराच्या लेकीचं काम एकच. धुऊन आलेलं प्रत्येक कापड खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर पसरायचं, आणि सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तरी बाजूला काढायचं. चार वर्षांत कुणाला बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

आणि ह्या सुलाबाईंनाच दिवाळीपासून दिसेनासं झालं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डोळ्यांच्या दवाखान्यात वावरणाऱ्या बाईनं मोतीबिंदू लपवावा, आता काय म्हणावं? पण काम जाईल ही धास्ती होती. कापडावरून बोटं फिरवून त्या वेळ मारून नेत होत्या.

एका बुधवारी ऑपरेशनच्या आधी नर्स प्रांजलला कापडात छिद्र दिसलं. कापड पेशंटला लागायच्या आधीच बाजूला गेलं, पण बातमी वर पोचली. ट्रस्टींचा निरोप आला, "कापड म्हटलं की हे होणारच. सोमवारपासून प्लास्टिक मागवा." सुलाबाईंना कुणीच बोल लावला नाही, आणि तेच त्यांना सोसवेना.

घरी नवरा बिराप्पा म्हणाला, "गप बस की. कापडावर गेलंय न्हवं, जाऊ दे."

"कापडाला त्वांड न्हाई म्हणून त्याच्यावर ढकलू व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्या अंकितांसमोर उभ्या राहिल्या. "मॅडम, कापडाचा दोष न्हाई. मलाच दिसंना झालंय. मला काढा, पर कापड ऱ्हाऊ द्या."

अंकिता चिडल्या, लय चिडल्या. मग त्यांनीच सुलाबाईंना तपासणीच्या खुर्चीत बसवलं. सगळं कापड कपाटात बंद केलं आणि ते पुन्हा तपासून दाखवायला ट्रस्टींकडून दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. त्यामुळे सुलाबाईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं प्लास्टिकखालीच झाली. ते चुरगळून बादलीत पडल्याचा आवाज ऐकला तेव्हा त्यांचा जीव हळहळला.

दोन महिन्यांनी कपाट उघडलं. सुलाबाई टेबलाशी बसल्या. दोनशे कापडांत सात सदोष निघाली, सातही त्यांच्याच हातून पुढं गेलेली. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. बाकीची धड कापडं बघून ट्रस्टी नरमले. प्लास्टिक रद्द झालं.

"मावशी, उद्यापासून या कामावर," अंकिता म्हणाल्या.

सुलाबाईंनी शेजारी आणखी एक खुर्ची ओढली आणि प्रांजलला हाताला धरून तिथं बसवलं.

"माझ्यामागं हिनं बी परत्येक कापड बघायचं, मॅडम. माझ्या एकलीवर आता इसंबू नगा."