पाणकर उमराव आणि हिरवा त्रिकोण

उमराव कापगते माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यामुळे त्याच्याबद्दल चार वाकडे शब्द बोलायचा पहिला हक्क माझा आहे. माणूस मनानं स्वच्छ, पण एकदा डोक्यात काही घुसलं की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. मागे व्हिडिओ पाहून त्यानं घरात अळिंबी लावली. तिचा वास सुटला तेव्हा त्याच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, सगळी पोती उचलून उकिरड्यावर नेऊन टाकली. मग हार्मोनियम आली. ती अजून आहे. तिच्यावर धानाचं बियाणं ठेवतात.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या पुढंमागं हा सकाळच्या गाडीनं सालेकशाकडून गोंदियाला उतरला आणि थेट कुडव्याला माझ्या दुकानात आला. माझं दुकान झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं. समोर गिऱ्हाईक उभं, आणि यानं माझ्या लॅपटॉपवर हात ठेवला.

"भूपेंद्र, मले ॲप बनवाचा आहे."

"चहा पी आणि गावी जा," मी म्हणालो.

तो चहा प्यायला, पण गेला नाही. आणि त्यानं कारण सांगितलं तेव्हा मलाही त्याला हाकलता येईना.

उमराव त्याच्या गावाचा पाणकर आहे. तिथला तलाव कोहळी समाजाच्या काही घरांनी मिळून फार पूर्वी बांधला, आणि तेव्हापासून तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी अडवणारं दार, उघडून पाटात पाणी सोडायचं काम कापगत्यांच्या घराकडे आहे. पाऊस गेला आणि धान पोटरीला आला की सगळ्यांना पाणी एकाच दिवशी पाहिजे असतं. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी सोडायचं यावरून एके काळी डोकी फुटायची, म्हणून चिठ्ठ्यांची रीत पडली. मारुतीच्या पारावर लोटा ठेवायचा, त्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि लहान लेकरानं एकेक काढायची. आदल्या वर्षी लोट्यात हात घातला उमरावच्या नातीनं, आणि पहिलीच चिठ्ठी निघाली तिच्या बापाची. म्हणजे उमरावच्या जावयाची, दुधरामची.

गाव हसलं असतं तर बरं झालं असतं. गाव हसलं नाही. कवडू पुस्तोडे म्हणून एक धिप्पाड माणूस आहे, त्याची बांधी पाटाच्या अगदी शेवटाला. तो उभा राहून म्हणाला, "लोटा घरचा, हात घरचा, नावही घरचं. आमी कायले आलो जी इथं?" त्या दिवशी भांडण मिटलं, पण पुढच्या साली गावाची खात्री पटली नाही तर पाणकरकी दुसऱ्या घरी द्यायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. आजोबांपासूनचं काम जाणार याचं उमरावला दुःख होतंच, पण भर पारावर आपल्याला चोर म्हटलं गेलं, याचं त्याहून जास्त. मी गिऱ्हाइकाला उद्या या म्हणालो.

"यंदा चिठ्ठी मशीन काढन," उमराव म्हणाला. "मशीनले ना नात, ना जावई."

लॅपटॉप माझा म्हणजे माझी पुतणी गुंजन हिचा जुना. ती नागपूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. शिकत असताना तिनं मोबाईलचे ॲप बनवायचं सगळं सामान त्यात भरलं होतं आणि मी ते पुसलं नव्हतं, कारण ते कसं पुसतात हे मला माहीत नव्हतं. उमरावनं व्हिडिओत पाहून ते उघडलं. खाली एक पट्टी सरकू लागली. ग्रेडल चालू आहे, असं तिच्यावर इंग्रजीत लिहून आलं. ते ॲपचं सामान जुळवणारं काहीतरी असतं, हे गुंजननं मला नंतर सांगितलं.

"ग्रेडर होय हा," उमराव खूश झाला. "राईस मिलमधी राहते ना, तो. तांदूळ एकीकडे, कणकी एकीकडे. आता आपले नावं वेगळे करून राहिला असन."

"तू अजून एकही नाव टाकलं नाहीस, बे."

"मंग सफाई करून राहिला असन."

सफाई चांगलीच लांबली. मग उमरावनं वरच्या कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण दाबला. लॅपटॉपचा पंखा कोकलू लागला आणि पडद्याच्या बाजूला एक खोटा मोबाईल उगवला. तोंड काळं करून तो बराच वेळ नुसता उभा राहिला. मग उजळला. त्यात घड्याळ होतं, बॅटरी होती, टॉवरच्या काड्यासुद्धा होत्या. फक्त आमचं काम होत नव्हतं.

"याच्यात सिम कुठी टाकाचा?" उमरावनं विचारलं.

"खोट्या मोबाईलला सिम नसतं."

"मंग टावर काऊन दाखवून राहिला?"

दाखवत होता खरा. मी त्याच्यावर ओरडलो. तेवढ्यात लॅपटॉप जागच्या जागी गोठला आणि एका म्हातारीचा पेन्शनचा अर्ज त्याच्या पोटात अडकून बसला.

असं बरेच दिवस चाललं. उमराव यायचा, हिरवा त्रिकोण दाबायचा, खोटा मोबाईल उगवायचा आणि माझा धंदा बसायचा. गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊ लागली. मी त्याला एकदा स्पष्टच म्हणालो की तुझी पाणकरकी वाचवता वाचवता माझं दुकान बुडेल. त्यानं डबा उघडून मनकर्णाबाईंनी दिलेली वड्यांची भाजी माझ्यापुढे सरकवली. खाल्ल्यावर माणसाला पुढं बोलता येत नाही, हे त्या बाईंना चांगलं कळतं.

गावाची बैठक रविवारवर आली. शेवटी मी गुंजनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिनं सगळं ऐकलं, मध्येच हसू दाबलं, आणि विचारलं, "उमरावकाका, नावं पिसून कोणाचा नंबर कितवा ते दाखवायचं, एवढंच ना? मग तुम्हाला ॲप कायले पाहिजे?"

"मंग मोबाईल कसा चालन?"

"मोबाईल उठवूच नका ना. एक साधी फाईल करा. आधी फन लिहा, मग मेन. त्याच्या पोटात नावं टाका, ती पिसा, आणि छापा. चार ओळींचं काम आहे. मेनच्या ओळीला लागून एक बारका हिरवा त्रिकोण येईल. तोच दाबायचा. वरचा मोठा दाबला की मोबाईल उठतो, हा बारका दाबला की फक्त तुमच्या चार ओळी चालतात."

"फन म्हंजे? नागाचा?"

"तसंच समजा काका. पण इंग्रजीत लिहा."

उमरावनं एका बोटानं फन काढला. मग मेन काढला. मग नावं टाकली आणि गुंजननं अक्षर अक्षर सांगितलेलं बाकीचं लिहिलं. पण बारका त्रिकोण काही उगवेना. त्यानं पडद्याला नाक लावून पाहिलं, मी चष्मा पुसून पाहिलं. तिकडून गुंजन म्हणाली, "मग मेन सापडून नाही राहिला त्याला. मेन चेक करा, काका, मेन."

उमराव ताडकन उठला, दुकानाच्या मागच्या भिंतीकडे गेला आणि त्यानं बोर्डावरचा मेन खाली ओढला.

पंखा थांबला. झेरॉक्सच्या मशीनमध्ये एका पोराची मार्कशीट अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली आहे, तो वायरीवरच जगतो, तोही गेला. त्या अंधारात मी उमरावला काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. फोनवर गुंजन इतकी हसत होती की तिला श्वास घेता येईना.

"अहो काका, तो मेन नाही! तुम्ही लिहिलेला मेन. जिथून सुरुवात होते ते ठिकाण. ते सापडलं नाही तर पुढचं काहीच चालत नाही."

"हेच तर हाय," उमराव मेन वर ढकलत म्हणाला. "मेन नसला त काहीच चालत नाही. मंग म्या काय चुकलो?"

त्याचं म्हणणं तसं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

लॅपटॉप पुन्हा उठला, ग्रेडलची सफाई पुन्हा झाली, आणि मग गुंजननं मेनचं स्पेलिंग वाचून दाखवायला लावलं. दोन अक्षरं उलटी पडली होती. ती सरळ केल्याबरोबर ओळीच्या बाजूला बारका हिरवा त्रिकोण टुमकन आला. उमरावनं आधी शर्टाला बोट पुसलं, मग दाबलं. खोटा मोबाईल उगवला नाही. खालच्या पट्टीत गावातली सगळी नावं एकाखाली एक उतरली. पुन्हा दाबलं, ती निराळ्या क्रमानं उतरली. उमरावनं लॅपटॉपला दोन्ही हात जोडले. मीही जोडणार होतो, पण गिऱ्हाईक पाहत होतं.

रविवारी मी लॅपटॉप घेऊन त्याच्या गावी गेलो. मारुतीच्या देवळातून वायर ओढली, पारावर स्टूल ठेवलं. सगळं गाव जमलं होतं. ऊन असं कडक की पडद्यावर आपलंच तोंड दिसायचं, म्हणून उमरावनं डोक्यावरून दुपट्टा घेतला आणि वाफारा घ्यायला बसल्यासारखा लॅपटॉपसकट आत शिरला. बारका त्रिकोण कुठला ते सांगायला म्हणून त्यानं मलाही आत ओढलं. बाहेरून आमच्या पाठीच काय त्या दिसत असणार.

आधी नमुन्याला म्हणून त्यानं एकदा चालवून नावं वाचली. पहिलं नाव श्यामलालचं निघालं.

"झालं, बरोबर आहे!" श्यामलाल ओरडला.

"नमुना होता तो," कवडू म्हणाला. "अजून चालव."

अजून चालवलं. आता बकाराम पहिला. बकारामला मशीन एकदम पसंत पडलं. बाकीच्यांना पडलं नाही. "अजून एक बार!" "आता खरा!" "माह्यं नाव खालीच काऊन येऊन राहिलं जी?" ज्याचं नाव वर यायचं तो थांबा म्हणायचा आणि बाकी सगळं गाव चालव म्हणायचं. लोट्यातली चिठ्ठी एकदा निघाली की निघाली. पण या त्रिकोणाला थांबायचं कुठं ते ठाऊक नव्हतं, आणि आम्हालाही नव्हतं. कवडू तर पारावर चढून आला. मला वाटलं, आता लॅपटॉप जातो आणि मी पण.

तेव्हा बायकांतून मनकर्णाबाई उठल्या. देवळात गेल्या, नारळ घेऊन आल्या आणि तो नवऱ्याच्या हातात दिला.

"अजी, हा फोडा. नारळ फुटल्यावर एकच बार चालवाचा. जे निघन ते निघन. कोणी दुसऱ्यांदा म्हटलं त त्यानं मारुतीले सांगावं."

हे सगळ्यांना पटलं. उमरावनं नारळ फोडला, पुन्हा दुपट्ट्यात शिरला, मला घेऊन शिरला, आणि बारका त्रिकोण दाबला. नावं उतरली.

पहिलं नाव दुधरामचं होतं.

दुपट्ट्याच्या आत आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. उमरावच्या कपाळावरून घाम टपटप कीबोर्डवर पडत होता. मी त्याच्या कानाला लागलो, "पुन्हा दाब. कोणाला दिसून राहिलं इथं?" खरंच कोणाला दिसत नव्हतं. दाबायचंही कारण नव्हतं. दुसरं कोणतंही नाव तोंडानं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पाणकरकी राहिली असती, चोर हा शब्द पुसला गेला असता.

"नारळ फुटला ना गा," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. मग त्यानं डोक्यावरचा दुपट्टा काढला आणि मोठ्यानं वाचलं, "पयला, दुधराम."

जो गलका उठला तो उठला. दुधराम बिचारा मान खाली घालून लोकांच्या मागे सरकला. कोणीतरी म्हणालं, मशीनही जावई ओळखते वाटते. कोणीतरी म्हणालं, आता पाणकरकी आजच सोड. उमराव पारावर बसून राहिला. मला इतका राग आला की मी लॅपटॉप मिटून चालू पडणार होतो.

कवडूनं हात वर केला.

"चूप रहा जी," तो म्हणाला. "म्या इथंच पारावर उभा होतो, याच्या पाठीशी. दाबल्याचा आवाज आला, अन् हा थांबला. चांगला थांबला. झाकल्या जागी माणूस काही बी वाचू शकते. यानं जे निघालं तेच वाचलं." मग तो गावाकडे वळला. "अन् एक सांगा मले. चोराले थोडी तरी अक्कल राहते का नाही? दोन साल लागोपाठ आपल्याच जावयाचं नाव काढाले माणूस चोर नाही, उमरावच पाहिजे!"

आधी बकाराम हसला. मग श्यामलाल. मग बायकांतून हसू आलं, आणि मागे लपलेला दुधरामही हसला. मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत नव्हत्या, रडत होत्या. उमरावकडे पाहून माझेही डोळे भरून आले.

कवडूनं वाकून उमरावच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचं स्वतःचं नाव अगदी शेवटी निघालं होतं.

"चाल, पाणकर," तो म्हणाला. "तुडूम उघड. दुधरामचा धान वाट पाहून राहिला."

उमराव उठला, आणि कवडूनंच त्याला हाताला धरून तलावाच्या पाळीवर नेलं.