उताऱ्यात नसलेला हंडा

आक्का, आपली ट्रॉली निघाली ती सकाळ मला अजून धुक्यातली दिसते. धुकं नव्हतंच म्हणा, मुकादमाच्या ट्रॅक्टरने उडवलेला फुफाटा होता तो. पण नव्या नवरीला फुफाट्यातही धुकं दिसायचं. ऊसतोडीला निघालेली मी, लग्नातली साडी नेसून, तोंडाला पावडर थापून, बाजरीच्या पोत्यावर अशी बसले होते की जणू कारखान्याने मला उद्घाटनालाच बोलावलंय. तुम्ही थोरल्या जाऊबाई, पदर तोंडाला लावून हसत होतात.

तेवढ्यात आत्याबाईंनी, आपल्या सासूबाईंनी, मला खाली उतरवलं. जा, हंडा भरून चुलीपाशी ठेव म्हणाल्या. आपल्या पाथर्डीच्या बाजूला पाणी म्हणजे किती लांबून डोक्यावर आणायचं. मी फणकारले, "घरात कुनी न्हाई, तर पानी कोन पिनार?"

"घर पिईल. मानसं गेली की त्याला लई तहान लागती."

उन्हाळ्यात परतलो तेव्हा हंडा कोरडा, आत नुसती पांढरी रेघ. मी कुणाचं लक्ष नाही असं बघून भिंतीला कान लावला, घर घोट घेताना ऐकू येतं का म्हणून. आठवीतून लग्नाने उचललेली पोर मी, वर्गात हुशार म्हणून नाव होतं माझं! पाणी आपोआप आटतं हे डोक्यात शिरायला बरेच हंगाम गेले.

पुढे ह्यांना नागापूरच्या एमआयडीसीत वॉचमनची नोकरी लागली. उसाच्या पाचटाच्या कोपीत झोपणारी मी स्लॅबखाली झोपायला लागले. तुम्ही शेतापाशी राहिलात. इथे मी गॅस, लिफ्ट, मोबाईल सगळं शिकले, पण अर्धवट सुटलेली शाळा मात्र दातात अडकलेल्या कणासारखी सलत राहिली. नातीने, सानिकाने, मला परीक्षेला बसवून ती बाहेर काढली. दहावी निघाली. बारावीला सगळे विषय सुटले, फक्त समाजशास्त्राने गेल्या वर्षी आपटलं. तेही उताऱ्याच्या प्रश्नात. उतारा होता एकत्र कुटुंबात निर्णय कोण घेतं त्याचा, आणि मी पानभर आत्याबाई लिहून आले.

सानिका कपाळाला हात लावायची. "आजी, उत्तर उताऱ्यातच असतं. तुला काय वाटतं ते कुणी विचारलेलं नाही."

"मग मला इचारनार कवा?"

यंदा विचारलं, आक्का. उतारा आला तो स्थलांतराचा. सण, शेती आणि नातलग यांमुळे माणसं मूळ गावाशी जोडलेली राहतात, वगैरे. मी शहाण्या मुलीसारखं उताऱ्यातलं उचलून लिहिलं. आणि शेवटचा प्रश्न: स्थलांतरिताचे घर कोणते, तुमचे मत सकारण लिहा.

जन्मभर न विचारता मत देणारी बाई मी, आणि पेन थांबलं. खरं तर सोपं होतं. फोनवर तुम्हाला रोज सांगते ना, माझं घर तिकडंच. 'गाव' एवढं लिहिलं. वर पंखा गरगरत होता, डोळे जड झाले, आणि समोर हंडा दिसला. पण तो आपला तांब्याचा नव्हता. स्टीलचा होता.

त्याच सकाळची गोष्ट. मुलगा आणि सून कामाला गेलेली, खाली सानिका स्कूटीचा हॉर्न वाजवतेय, उशीर होतोय, आणि मी कुलूप लावता लावता परत आत गेले आणि हंडा भरून ओट्यावर ठेवला. नळाला पाणी असलेल्या फ्लॅटमध्ये! मला कुणी सांगितलं नव्हतं. केव्हापासून ठेवतेय, आठवेना. आणि गावाहून एसटी पकडताना तिकडच्या हंड्याकडे मी कधी वळूनसुद्धा पाहत नाही. तुम्ही असता ना तिथे.

'गाव' खोडवेना. मग पुढे लिहिलं: 'आणि निघताना मी जिथे पाणी भरून ठेवते ते.' कारण विचारलं होतं म्हणून कारणही दिलं, 'माणसं गेली की घराला तहान लागते.' तपासणाऱ्याने काय केलं असेल देव जाणे.

आक्का, मी पास झाले. काठावर, पण काठसुद्धा आतच धरतात. रविवारी पेढे घेऊन येते. निघताना या वेळी चुलीपाशीचा हंडा मी भरणार आहे, तुम्ही घरात असलात तरी. तुम्ही पदर लावून हसा खुशाल.