वरचा मजला सासूचा, तळमजला सुनेचा

समजा, तुमच्या हातात आइस्क्रीमचा कोन आहे, पण तुम्हाला आइस्क्रीम खायचं नाहीये. फक्त कोन खायचाय. खायचाय म्हणजे खरं तर ऐकायचाय. कडेचा तुकडा दाताखाली धरायचा, रस्त्यावरचा गोंगाट कानाआड करायचा आणि हळूच दाबायचं. ‘कट्ट’ झालं तर ठीक. नुसताच दबला, तर गेलं काम. असं दुकानामागून दुकान, शहरभर कोन ऐकत फिरायचं. जमेल?

वहिनींना जमवावं लागलं. धंद्यातले सगळे त्यांना कोनवाल्या वहिनी म्हणूनच ओळखतात. घरामागच्या लांबट खोलीत त्यांच्या दोन भट्ट्या आहेत. वहिनी पीठ ओततात, भाजलेली पातळ चकती उचलून नवऱ्यापुढे टाकतात आणि ती गरम आहे तोवर नवरा ती लाकडी साच्यावर गुंडाळतो. तो डावखुरा. त्यामुळे त्यांच्या कोनाची घडी इतरांच्या कोनांच्या नेमकी उलटी वळते. “सगळं जग एकीकडे आणि आमचे हे एकीकडे,” असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

नदीपलीकडचा जिलाटोवाला हे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. जिलाटो म्हणजे आइस्क्रीमचाच दाट, मऊ भाऊबंद. तो आइस्क्रीमपेक्षा जरा कमी थंड ठेवतात, म्हणून वितळतोही लवकर. दुसरी भट्टी या एकट्या माणसाच्या जिवावर पेटायची. एके दिवशी त्याचा फोन आला.

“वहिनी, राग मानू नका, पण तुमचे कोन मऊ पडतात हो. लोक तोंडावर बोलून दाखवतात. पुढच्या महिन्यापासून मी फक्त कप ठेवीन म्हणतो.”

फोन ठेवून वहिनींनी दुसऱ्या भट्टीकडे पाहिलं. नवऱ्याने मात्र बाह्या सरसावल्या. साखर वाढवली. मग चकती जास्त भाजून पाहिली. मग जाड केली. दर वेळी तो भट्टीशेजारीच उभा राहून कोन मोडायचा आणि दर वेळी कट्ट!

“अगं, दगड आहे दगड! त्याच्या जिलाटोतच खोट असणार.”

“मग खाऊनच बघते,” वहिनी म्हणाल्या. “त्याच्याकडचा आणि बाकीच्यांकडचाही. सगळ्यांचेच मऊ पडत असतील तर गोष्ट वेगळी. आपलेच पडत असतील तर आपलं काहीतरी चुकतंय.”

अडचण एकच होती. दोन घास गार खाल्लं की वहिनींचा घसा बसायचा. सासूबाई दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या.

“गाराचं मी बघते. तू कोनाचं बघ.”

“आई, तुम्हाला सोसेल का एवढं?”

“दात घरी ठेवून येते. दातच नसले तर सळसळणार काय?”

अशी ही जोडी निघाली. सिनेमागृहाशेजारचं दुकान झालं, बाजारातलं जुनं दुकान झालं, मोठ्या मॉलमधलं चकाचक दुकान झालं. सासूबाई सावकाश वरचा गोळा संपवायच्या आणि मग कोन सुनेच्या हाती द्यायच्या. मॉलमधल्या मुलीला राहवलं नाही.

“आजी, दोन कोन देऊ का? एकातच दोघी खाताय...”

“नको गं. आमची वाटणी झालीये. वरचा मजला माझा, तळमजला सुनेचा.”

वहिनी हसल्या, पण त्यांचा जीव टांगणीला लागला होता. एका दुकानातला कोन पुठ्ठ्यासारखा होता, एकातला जळका होता, पण मऊ कुठलाच नव्हता. घडी सरळ वळणाऱ्या त्या परक्या कोनांनी कट्ट म्हटलं की वहिनींचं तोंड आणखी उतरायचं.

शेवटी दोघी नदीपलीकडे आल्या. मालक बाहेर गेला होता, काउंटरवरच्या मुलीने त्यांना ओळखलं नाही. रंगीबेरंगी जिलाटोच्या गार काचेवर कोनांचा उंच, देखणा मनोरा रचला होता. मुलगी मधूनमधून काचेवरून फडकं फिरवत होती. सासूबाईंनी पिस्ता घेतला. मिटक्या मारत संपवला. वहिनींनी कोन दाताखाली धरला, आणि तो मुकाट दबला. आवाज नाही की काही नाही. दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात अर्धेमुर्धे टाकलेले कोन पडले होते. त्यात टोकंच टोकं. प्रत्येक टोक नवऱ्याने हाताने चिमटून बंद केलेलं. वहिनी मान खाली घालून बाहेर पडल्या.

बसथांब्यावर एक आइस्क्रीमची गाडी उभी होती. सासूबाई तिच्याकडे वळल्या.

“आई, पुरे आता!”

“मघाशी कामाचं खाल्लं. हे माझं माझं.”

खाऊन झाल्यावर त्यांनी सवयीने कोन सुनेपुढे धरला. वहिनींनी मन नसताना चावा घेतला.

कट्ट!

“मलासुद्धा ऐकू आलं,” सासूबाई म्हणाल्या.

वहिनींनी कोन फिरवून पाहिला. घडी उलटी होती. “अहो आई, हा तर आपल्या ह्यांचाच!”

गाडीवाला म्हणाला, “घाऊक दुकानातून आणतो मी. हे तर जुने आहेत, गेल्या खेपेचे.”

“जुने? मग असे कडक कसे?”

“झाकण लावतो की.” त्याने पत्र्याचा डबा थोपटला.

वहिनी जागीच थांबल्या. कोरडा कोन हवेतला ओलावा पितो, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण भट्टीशेजारच्या तापलेल्या हवेत प्यायला ओलावा होताच कुठे? तिथे कोन कडकच राहणार. आणि इकडे ती मुलगी फडकं फिरवत होती ते धूळ पुसायला नव्हे. काचेला घाम येत होता, आणि त्या घामातच मनोरा उभा होता.

गाडीवाल्याच्या डब्यातला एक रिकामा कोन मागून घेऊन दोघी परत दुकानात शिरल्या. मालक आला होता. वहिनींनी त्याच्यासमोर मनोऱ्यातला एक कोन मोडला, मग गाडीवरचा मोडला. त्याला फरक कळला, पण त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

“मनोरा हलवू कसा, वहिनी? लोक तो बघूनच आत येतात. पोरं तर आधी त्याच्याकडेच बोट दाखवतात.”

सासूबाईंनी बोळक्या तोंडाने विचारलं, “तुझ्या घरी पाहुण्यांना दाखवायच्या कपबश्या वेगळ्या आणि रोजच्या चहाच्या वेगळ्या नाहीत का रे?”

तो आधी गोंधळला, मग हसला. “म्हणजे मनोरा शोभेचा आणि खायचे डब्यातले?”

“डबा मी देते,” वहिनी घाईघाईने म्हणाल्या. “घट्ट झाकणाचा.”

“बघू एक महिनाभर. पण शब्द देत नाही.”

घरी आल्यावर नवऱ्याने सगळं ऐकलं, भट्टीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “म्हणजे मी इतके दिवस...”

“ओलं फडकं वाळतं तिथे,” वहिनी म्हणाल्या. “कोन कसला मऊ पडतोय!” साखरेचं प्रमाण त्यांनी गुपचूप पूर्वीसारखं केलं.

महिना सरला. जिलाटोवाल्याने कपांचा विषय काढला नाही, नेहमीएवढेच कोन मागवले. दुसरी भट्टी पेटती राहिली. तरी वहिनींच्या मनाचं समाधान होईना. सासूबाईंना घेऊन त्या पुन्हा तिथे गेल्या आणि दाराजवळ उभं राहून कान टवकारले. कट्ट. कट्ट. बाकड्यावर बसलेल्या एका माणसाने तर डोळे मिटून पूर्ण कोन फस्त करत आणला. वहिनींचा चेहरा उजळला. मग तो उठला, शेवटचं टोक कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि निघून गेला.

वहिनींनी डब्यात वाकून पाहिलं. अर्धवट कोन आता नव्हते. टोकं मात्र तशीच होती, आणि सगळी कडक.

“आई,” त्यांनी हळूच विचारलं, “एवढं सगळं आवडीने खाऊन, ही माणसं नेमकं टोकच का टाकत असतील हो?”