कूलरांची सरगम

आमच्या शहरात मे महिन्यात ऊन पडत नाही, मुक्कामाला येतं. डांबरात स्टँड रुतून माझी स्कूटर दरवर्षी बोटभर बुटकी होते, आणि भर दुपारी दौलताबादचा किल्ला दोन पावलं सावलीकडं सरकलेला मी स्वतः पाहिलाय. पटत नसेल त्यानं मे महिन्यात यावं. परत जाताना तोच माझ्यापेक्षा मोठ्या थापा मारेल.

अशाच एका संध्याकाळी गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर आम्ही दोघं उभे होतो. खाली गल्लीतले सगळे पत्र्याचे कूलर एकदम घोंघावत होते. बायको म्हणाली, "हे सुरात आणता येईल."

आमच्यात कामाची वाटणी पक्की आहे: सेन्सर, वायरी आणि कोड तिच्याकडं, बोलणं माझ्याकडं. यंत्रांतून कला करतो, असं आम्ही सांगतो. नातेवाईक विचारतात, "ते ठीक, पण काम काय करता?"

असल्या उद्योगांना दार उघडणारा हॉल शहरात एकच, तोही आमच्या गल्लीच्या टोकाला. तिथल्या सरांनी या खेपेला अट घातली. "मागच्या वेळी लोक आले, चहा प्याले, गेले. तुमच्या त्या प्रकाशाच्या खेळासमोर कुणी थांबलं नाही. या वेळीही थांबले नाहीत, तर पुढच्या महिन्यापासून हॉल साड्यांच्या सेलला. तुम्हाला कायमचा बंद."

मी गल्लीत कूलर मागत फिरलो. सात स्वरांना सात हवे होते. मे महिन्यात माणसाकडं कूलर मागण्यापेक्षा त्याच्या शेताचा सातबारा मागणं सोपं. पण 'तुमच्या कूलरला सा देतो' म्हटलं, की भलेभले विरघळतात. मी तीन घरांना सा दिला.

"माझा कूलर गल्लीत सगळ्यात जुना," समोरच्या काकूंनी दम भरला. "सा दुसऱ्या कुणाला गेला तर बघ मग."

"काकू, सा तुमचाच."

शेजारच्या चाचांना मी हेच हिंदीतून सांगून आलो होतो.

बायकोनं प्रत्येक कूलरला सेन्सर बसवला. माणूस जवळ आला की पंख्याचा वेग वाढायचा, स्वर फुलायचा. लांब गेला की निवायचा. कुठं नट सैल कर, कुठं पत्र्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लाव, असं करत तिनं सातही सुरात आणले. कोरडेच. आमच्या नळाला पाणी येतं ते रुसलेल्या जावयासारखं, त्याच्या मर्जीनं. ते कलेसाठी कोण देणार?

प्रदर्शनाला सगळी गल्ली लोटली आणि जो तो आपापल्या कूलरसमोर खुर्ची टाकून बसला. कूलर आपला, तर वारा दुसऱ्यानं का खायचा? सरगम सुरू झाली. इतकी सुरेल, की चिकलठाण्याला उतरणारं विमान आणखी एक घिरटी घालून गेलं. पण वारा निघाला तो भट्टीचा.

"मियाँ, ये सा नै है," चाचा घाम पुसत ओरडले, "ये तो लू है लू!"

खुर्च्या सरकू लागल्या. सर दारातच उभे होते. काकूंनीही चपला घातल्या आणि निघून गेल्या. मला डोळ्यांसमोर रांगेनं साड्या टांगलेल्या दिसू लागल्या.

थोड्या वेळानं काकू परत आल्या त्या पाण्याचा कॅन ओढत. "माझा कूलर चारचौघांत कोरडा फिरतोय. लोक काय म्हणतील, हिच्या घरी घोटभर पाणी बी नाय?" आणि जवळजवळ अख्खा कॅन आत रिता केला. मग बाकीचे मागं राहतात होय? जो तो घरी पळाला आणि जपून ठेवलेलं पाणी घेऊन आला.

"ओतू नका!" लॅपटॉपमागून बायको किंचाळली. "पत्रा जड झालाय, स्वर बसतोय!"

खरंच, सा पार तळघरात गेला होता आणि पंचमाचा पत्ता नव्हता. तिनं माझ्याकडं पाहिलं: थांबव त्यांना. बोलणं माझं खातं. मी तोंड उघडलं, तोच काकूंच्या कूलरची पहिली गार झुळूक हॉलभर फिरली. उठलेले बसले. मी जन्मात पहिल्यांदा न बोलता तोंड मिटलं.

आणि मग ऐकू आलं. पाणी उडत जाईल तसा एकेका कूलरचा स्वर हळूहळू वर चढत होता. बायको क्षणभर ऐकत राहिली. मग सूर जागेवर आणणारा कोड तिनं सरळ पुसून टाकला.

"बाई, आपका चढ रा!" चाचा.

"माझा नाय, तुमचाच चढला. कान आहेत का भजी?" काकू उठल्या आणि कॅनच्या तळाचं पाणी चाचांच्या कूलरमध्ये ओतलं. "घ्या, बसवला. आता सा म्हणा, नायतर काय बी म्हणा."

तिथून सगळा हॉल कान टवकारून बसला. कुणाचा चढला की शेजारी ओतायचा. लहान मुलं झोपली, मोठी माणसं झोपली, एक गृहस्थ तर मध्यमात घोरत होते. जागेवरून मात्र कुणी हललं नाही.

हॉल बंद करायची वेळ टळून गेली तसे सर माझ्यापाशी आले. "ठीक आहे. साडीवाल्यांना नाही म्हणून कळवतो. आता या लोकांना उठवा."

मी म्हणालो, "सर, अट थांबवायची होती. उठवायचं तुम्ही बोलला नव्हतात."

सरांनी एकदा हॉलभर पाहिलं, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि काकूंना म्हणाले, "जरा सरकता का?"