टाळ्यांचा आवाज

सेलूच्या बसस्टँडसमोर एकाचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लोक वरातीची गाणी मागायचे, तो निमूट भरून द्यायचा. शास्त्रीय गाण्यासाठी येणारा मी एकटाच. मैफलीची कॅसेट चालू असताना तो अवाक्षर बोलत नसे. गाणं संपून श्रोत्यांच्या टाळ्या सुरू झाल्या, की मात्र आवाज वाढवायचा.

एकदा मी वैतागून म्हणालो, "टाळ्या कापा ना, आणखी एक ठुमरी मावेल."

"काऊन कापू, सर? तेवढेच लोकं त हायेत आपल्यासंगं ऐकाले."

पुढे माझी आर्वीला बदली झाली. त्याचं दुकानही बंद पडलं म्हणे. परवा त्याने भरून दिलेली कॅसेट लावली. घरात दुसरं कोणी नव्हतं. गाणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि मी उठून आवाज वाढवला.