म्युझियममधला मुलगी पाहण्याचा कार्यक्रम

धुळ्यातल्या त्या छोट्या म्युझियमचे राखणदार सुकदेवनाना म्हणजे तिखट मिरची. पूर्वी बाजाराच्या दिवशी खेड्यांतले म्हातारे मूर्ती बघायला यायचे, सुट्टीत कॉलेजची पोरं यायची. आता म्हातारे टीव्हीपुढे, तरुण मोबाइलमध्ये. उरल्या शाळेच्या सहली, आणि ती चिल्लीपिल्ली पाणी कुठंय एवढंच विचारणार! संस्थेचे अध्यक्ष अमृतभाऊ बजावून गेले, "नाना, मोठी माणसं फिरकत नसतील तर दिवाळीनंतर कुलूप लावू." नानांचा जीव तीळतीळ तुटला. बायको गेल्यापासून या मूर्तींशिवाय त्यांना बोलायला होतं तरी कोण!

अशात एका रविवारी दारात जीप थांबली आणि अख्खं गणगोत उतरलं. चाळीसगावकडचा शेतकरी मगन मुलगी पाहायला आला होता. मुलगी इथलीच, मयुरी. तिचं घर दोन खोल्यांचं, ऊन मी म्हणत होतं, म्हणून कुणीतरी म्युझियम सुचवलं. बसल्या बसल्या पोह्यांचे डबेही उघडले.

"हे काय मंगल कार्यालय आहे?" नाना कडाडले. मगनचा चेहरा एवढासा झाला. शेती करतो म्हटलं की मुली नाहीच म्हणायच्या, त्यात हे. नानांनाच कसंसं झालं. म्हणाले, "डबे ओट्यावर न्या. मोठ्यांनी माझ्यासोबत यायचं, ताम्रपट दाखवतो. तुम्ही दोघं मूर्ती बघा. सावकाश!"

म्हातारे ताम्रपटांत असे रमले की चहा निवला. तिकडे मूर्तींपाशी मगन-मयुरीच्या गप्पा संपेनात. लग्न जमलं! मग काय, गावोगाव बोभाटा झाला की तिथं हमखास जमतं. दर रविवारी आजोबा, आत्या, कडेवरची बाळं, लाजणारी जोडी, सगळा गोतावळा येऊ लागला. ज्यांच्या घरचं लग्न जमलं ते म्हातारे पुन्हा यायचे, राहिलेलं दालन बघायला. नाना ओरडायचे तेवढेच, पण आता हसत हसत.

दिवाळी सरली. अमृतभाऊ पिशवीत कुलूप घेऊन आले. दारातच कुण्या नवऱ्या मुलाची आजी, भिकुबाई, आडवी आली. हेही पाहुण्यांपैकीच समजून अहिराणीत म्हणाली, "या भाऊ! पोऱ्याकडला शेतस का पोरीकडला?"

अमृतभाऊ आतली गर्दी बघतच राहिले. नानांची नजर मात्र पिशवीतून डोकावणाऱ्या कुलपावर होती. भाऊंनी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नाना, माझी पुतणी डिंपल लग्नाची आहे. पुढच्या रविवारी जमवाल?"

"जमवू की! पण भाऊ, ते कुलूप?"

अमृतभाऊंनी पिशवी पाठीमागे लपवली आणि भिकुबाईकडे वळून म्हणाले, "मी पोरीकडला शे, अक्का."